फायबर पोस्ट सुटून येतेय? सिमेंट बदलण्याआधी या चुका टाळा

रूट कॅनाल झालेल्या दाताच्या मुळात क्राउनला (कॅपला) आधार म्हणून काचेच्या तंतूंची फायबर पोस्ट चिकटवतात. क्राउनसकट ही पोस्ट हातात घेऊन पेशंट आला की पहिला संशय सिमेंटवर जातो. पुढच्या ऑर्डरला कंपनी बदलली जाते आणि काही महिन्यांनी दुसरी पोस्ट सुटून येते. त्याऐवजी सुटलेली पोस्ट लूपखाली (भिंगाखाली) धरून नीट बघा. पोस्टवर सिमेंटचा थर तसाच असेल, तर चिकटपणा डेंटिनपाशी (दाताच्या आतल्या थरापाशी) तुटलाय. बहुतेक वेळा हेच दिसतं. पोस्ट गुळगुळीत निघाली आणि सिमेंट कॅनालमध्येच राहिलं, तर गडबड पोस्टच्या पृष्ठभागावर आहे.

डेंटिनपाशी तुटण्याचं माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे कॅनालची अस्वच्छ भिंत. पोस्टसाठी जागा (पोस्ट स्पेस) करताना ड्रिलच्या उष्णतेने गट्टा पर्चा (कॅनालमधलं रबरासारखं भरण) मऊ होतो आणि सीलरसकट (त्याला धरणाऱ्या पेस्टसकट) भिंतीला फासला जातो. नुसत्या डोळ्यांना कॅनाल स्वच्छ वाटतो. मॅग्निफिकेशनखाली गुलाबी-केशरी डाग दिसतात. तिथे बाँडला (सिमेंटआधी लावायच्या चिकट द्रवाला) चिकटायला डेंटिनच मिळत नाही. सीलर युजेनॉलवाला (लवंगतेलातला घटक असलेला) असेल तर त्याचा अंश रेझिनचं (बाँड-सिमेंटमधल्या प्लॅस्टिकसारख्या घटकाचं) सेटिंगही बिघडवतो. अल्ट्रासॉनिक टिप किंवा बारीक ब्रशने भिंती घासून घ्या, मग स्मिअर लेयर (ड्रिलने भिंतीवर बसलेला भुकटीचा थर) काढायला १७ टक्के ईडीटीएचं द्रावण साधारण मिनिटभर, आणि शेवटी भरपूर पाणी. तळाचा ४-५ मिमी गट्टा पर्चा मात्र हलवायचा नाही.

शेवटचा वॉश हायपोक्लोराइटचा ठेवणं ही सवयीने होणारी चूक. त्यातून डेंटिनमध्ये राहिलेला ऑक्सिजन रेझिनचं पॉलिमरायझेशन (घट्ट होणं) अडवतो. आधीच वापरून झालं असेल तर १० टक्के सोडियम ॲस्कॉर्बेटने परिणाम बराचसा उलटवता येतो. पण क्रम सुधारणं त्याहून सोपं.

थ्री-वे सिरिंजच्या (हवा-पाणी मारणाऱ्या नळीच्या) हवेने कॅनाल सुकवू नका. वरचा भाग कोरडाठाक होतो, तळाशी पाणी तसंच. पेपर पॉइंट (कागदाच्या बारीक शोषक काड्या) वापरा, टोक जेमतेम ओलसर येईपर्यंत. बाँड लावल्यावरही एक कोरडा पेपर पॉइंट फिरवायचाच. तळाशी साचलेला बाँड क्युअर झाला, तर ट्रायलला पूर्ण बसलेली पोस्ट सिमेंटच्या वेळी मिलिमीटरभर वर राहते आणि आपण उगाच जोर लावत बसतो.

बाँड आणि सिमेंटची जोडी जमते का, हे फार कमी जण तपासतात. एका बाटलीतल्या आम्लधर्मी बाँडमधले न सेट झालेले मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) ड्युअल-क्युअर सिमेंटमधल्या (प्रकाशाने आणि आपोआपही घट्ट होणाऱ्या) अमाइनला, म्हणजे सेटिंग सुरू करणाऱ्या रसायनाला, निकामी करतात. जिथे प्रकाश पोहोचत नाही, तिथे सिमेंट नीट सेट होत नाही. कंपनीने दिलेला ॲक्टिव्हेटर वापरा, नाहीतर एकाच सिस्टिममधले दोन्ही घ्या. आणि सेल्फ-ॲडेसिव्ह (वेगळा बाँड न लागणारं) सिमेंट असेल तर डेंटिनवर फॉस्फोरिक ॲसिड लावायचं नाही.

सिमेंट लेंटुलोने (फिरत्या स्प्रिंगसारख्या हत्याराने) भरू नका, काही सिमेंट त्याने वेळेआधीच घट्ट होतात. बारीक लांब टिप तळापर्यंत न्या आणि टोक सिमेंटमध्ये बुडालेलं ठेवूनच हळूहळू वर या. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. रूट कॅनालमध्ये सी-फॅक्टर (चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं प्रमाण) २००च्या पुढे जाऊ शकतो, म्हणजे सिमेंट आकसण्याचा सगळा ताण भिंतीवरच्या बाँडवर येतो. त्यात पोकळ्यांची भर नको.

पोस्टच्या बाजूची कामं थोडी आहेत. ट्रायलनंतर लाळ लागलेली पोस्ट अल्कोहोलने पुसा, सुकवा, सिलेन (काच आणि रेझिनला जोडणारा द्रव) लावा आणि मग तिला बोट लावू नका. इपॉक्सी मॅट्रिक्सच्या (तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेल्या) पोस्टवर नुसतं सिलेन फारसं चालत नाही. त्याआधी २४ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिनिटभर लावून धुतलं की तंतू उघडे पडतात आणि सिलेनला धरायला काही मिळतं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड मात्र नको, ते काचेचे तंतूच खातं. पोस्टवर कंपनीचं कोटिंग आधीच असेल तर यातलं काही न करता कंपनीच्या सूचना पाळा.

कॅनाल रुंद किंवा लंबगोल असेल आणि पोस्ट आत खुळखुळत असेल, तर ती फट सिमेंटने भरायची नसते. कॅनालला वॉटर-सोल्युबल जेल लावून पोस्ट कॉम्पोझिटने रिलाइन करा, म्हणजे पोस्टवर कॉम्पोझिटचा थर देऊन ती कॅनालच्या आकाराची करा.

सुटलेल्या दाताला पुन्हा पोस्ट बसवण्याआधी भोवताली हिरडीत प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) फिरवा. एकाच जागी अरुंद आणि खोल जात असेल, तर मुळाला उभी चीर असण्याची शक्यता मोठी. प्रोब नॉर्मल असेल तर फेरूल (क्राउन ज्याला कवेत घेतो ती हिरडीवरची दाताची कड) मोजा. दीड-दोन मिलिमीटर दात चहूबाजूंनी उरला नसेल तर आधी क्राउन लेंथनिंग (हिरडी-हाड कमी करून दात उघडा करणं) किंवा ऑर्थो एक्स्ट्रुजनचा (दात हळूहळू बाहेर ओढून घेण्याचा) विचार करा, सिमेंटचा नंतर.