गॅलरीच्या कठड्याच्या तारा ताणताना

इंदूरला आमच्या गॅलरीसाठी सागवानी खांब आणि स्टेनलेस स्टीलच्या तारांचा कठडा मी घरीच तयार केला, तेव्हा वरची तार आधी ताणली आणि मग एकेक करत खाली आलो. शेवटची तार घट्ट होईपर्यंत वरची पार सैल पडली होती. दहा-बारा तारांचा एकत्रित ओढा कडेच्या खांबांना आत वाकवतो, म्हणून ताणण्याची सुरुवात मधल्या तारेपासून करावी, नंतर आळीपाळीने एक वर आणि एक खाली असे जावे, आणि पहिल्या फेरीत टर्नबकल (तार ताणण्यासाठी तिच्या टोकाला लावलेला फिरवायचा स्क्रू) पूर्ण न आवळता दुसऱ्या फेरीत काम पुरे करावे. कडेचे खांब जाड घ्यावेत, किंवा ते लोखंडी चौकोनी नळीचेच असावेत. लाकूड फक्त मधल्या खांबांना आणि वरच्या हातधरणीला शोभते, असे माझे मत आहे.

दोन तारांमध्ये ७५ मिलिमीटरच अंतर ठेवावे, कारण ताणलेली तारही हाताने दाबल्यास फाकते आणि फट १०० मिलिमीटरच्या पुढे गेली तर लहान मुलाचे डोके त्यात अडकू शकते. याच कारणासाठी खांब एकमेकांपासून ३ ते ४ फुटांवर हवेत. उंची किमान १ मीटर असावी.

सागवानात साधे लोखंडी स्क्रू वापरू नयेत. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्याभोवती काळे डाग उमटतात. उन्हाळ्यात लाकूड आकसते, त्यामुळे मे महिन्यात तारा पुन्हा एकदा तपासून आवळाव्यात.