नेटवर्कएक्समध्ये मार्ग शोधताना एक्सेप्शन कुठे पकडायचं

नेटवर्कएक्स ही पायथनची ग्राफ हाताळणारी लायब्ररी. ग्राफ म्हणजे नोड (बिंदू) आणि त्यांना जोडणाऱ्या एज (रेषा). तिथे सर्वात छोटा मार्ग काढणारं 'शॉर्टेस्ट पाथ' चालवलं की दोन एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उडणाऱ्या त्रुटी) हमखास भेटतात: 'नोडनॉटफाउंड' आणि 'नेटवर्कएक्सनोपाथ'. दोन्ही एकाच एक्सेप्ट ब्लॉकमध्ये कोंबू नका. दोन नोडमध्ये रस्ताच नसणं हे रीतसर उत्तर आहे. ते पकडा, 'नन' परत द्या, पुढे चला. नोडच ग्राफमध्ये नसेल तर बहुतेक वेळा डेटा चुकलेला असतो. तिथे नोड लॉगमध्ये लिहा आणि एक्सेप्शन वर जाऊ द्या.

डेटाची ही चूक बऱ्याचदा फाइल वाचतानाच होते. फाइलमधून एज वाचणारं 'रीड एजलिस्ट' सांगितल्याशिवाय नोडचे आकडे करत नाही, स्ट्रिंगच ठेवतं. ग्राफमध्ये स्ट्रिंग '७' असते, तुम्ही संख्या ७ मागता. 'नोडटाइप'ला 'इंट' द्या. लॉगमध्ये नोड पायथनच्या 'रेप्र' फंक्शनमधून छापा, म्हणजे अवतरणचिन्हं दिसतात. नुसत्या प्रिंटमध्ये दोन्ही ७ सारखेच.

'नेटवर्कएक्सएरर' पकडलं की सगळं आलं, असं समजू नका. वरची दोन्ही एक्सेप्शन त्याच्या पोटात येत नाहीत. सगळ्यांचा मूळ क्लास 'नेटवर्कएक्सएक्सेप्शन' आहे. तो अगदी बाहेरच्या थरातच पकडावा.

'शॉर्टेस्ट सिंपल पाथ्स' जनरेटर देतं, म्हणजे मागाल तेव्हाच एकेक मार्ग काढून देतं. त्यामुळे फंक्शन बोलावलं त्या ओळीभोवती ट्राय घालून उपयोग नाही. 'नोडनॉटफाउंड' पहिला मार्ग मागितल्यावर उडतं. ट्राय लूपभोवती घाला.

खरी भीती मात्र जिथे काहीच उडत नाही तिथली. वजनाच्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव एका अक्षराने चुकलं, तर डायक्स्ट्रा (सर्वात कमी वजनाचा मार्ग काढणारा अल्गोरिदम) प्रत्येक एजचं वजन १ धरतो आणि शांतपणे चुकीचा मार्ग देतो. ऋण वजनाचंही तसंच: डायक्स्ट्राच्या नजरेत विसंगती आली तर 'व्हॅल्यूएरर' येतं (हे नेटवर्कएक्सचं एक्सेप्शन नाही, वरच्या मूळ क्लासने पकडलं जात नाही), नाही आली तर चुकीचं उत्तर. म्हणून ग्राफ तयार होताच सगळ्या एजवरून एकदा फिरा: अ‍ॅट्रिब्यूट नाही किंवा वजन शून्याखाली असेल, तर दोन्ही टोकांच्या नोडसह स्वतःच 'व्हॅल्यूएरर' फेका. मोठ्या ग्राफवरही हा खर्च परवडतो.

ऋण वजनं खरोखरच हवी असतील तर ती चालवून घेणारा बेलमन-फोर्ड अल्गोरिदम वापरा. वाटेत ऋण चक्र (ज्याच्या वजनांची बेरीज शून्याखाली) लागलं तर तो 'नेटवर्कएक्सअनबाउंडेड' फेकतो. दिशा नसलेल्या ग्राफमध्ये एकच ऋण एज पुढे-मागे चालून चक्र बनते, तेव्हा तिथे आधी प्रत्येक एजला एकच दिशा देऊन 'डायग्राफ' (दिशा असलेला ग्राफ) बनवा.