कारखान्यातल्या पेजरचा कॅपकोड आणि टोन कसा सेट करायचा

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी असेल, तर मेंटेनन्सच्या माणसाला बोलवायला पेजर (संदेश आला की वाजणारं, कमरेला लावायचं छोटं यंत्र) आजही चांगला. अडचण एवढीच की पेजर डब्यातून काढून तसेच वाटले जातात आणि सगळे एकाच आवाजात वाजत राहतात. प्रेस बंद पडली तरी तोच बीप, स्टोअरमधून सामान न्यायला बोलावलं तरी तोच. मग कुणी लक्ष देईनासं होतं. टोन कानावर पडताच, स्क्रीन न बघता, धावायचं की हातातलं काम संपवून जायचं हे कळलं पाहिजे.

कॉम्प्युटर उघडण्याआधी वही घ्या. कोणाला एकट्याला बोलवायचं, कोणाला गटाने आणि काय झालं तर सगळ्यांना, हे शिफ्ट इन्चार्जबरोबर बसून लिहून काढा. मग प्रत्येकाला कॅपकोड द्या. कॅपकोड म्हणजे पेजरचा पत्ता. पॉक्सॅग (पेजरला संदेश पाठवण्याची एक ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या पेजरमध्ये हा सात आकडी असतो, पुढची शून्यंही धरून. म्हणजे १२४०५ हा आकडा ००१२४०५ असाच लिहायचा. असे सुमारे २१ लाख पत्ते शक्य आहेत, पण २००७६६४ ते २००७६७१ हे वापरू नका. ट्रान्समीटर रिकाम्या जागी जो 'काही नाही' असा संकेत भरतो, तो याच पत्त्यांत येतो.

एका पेजरमध्ये स्वतःचा पत्ता, गटाचा पत्ता आणि आणीबाणीचा पत्ता असे तीन घाला. इथे एक बारकावा आहे. पॉक्सॅगमध्ये संदेश आठ फ्रेममध्ये, म्हणजे वेळेच्या आठ तुकड्यांत, विभागून जातात आणि पेजर फक्त आपल्या फ्रेमपुरता जागा होतो. बॅटरी टिकते ती त्यामुळेच. कॅपकोडच्या शेवटच्या तीन आकड्यांना ८ ने भागा, जी बाकी उरेल ती फ्रेम. १२००१०१ ची बाकी ५, १२००४०५ चीही ५. काही जुने पेजर एकच फ्रेम ऐकतात, त्यांना सगळे पत्ते एकाच बाकीचे द्यावे लागतात.

आता पेजर प्रोग्रामिंग केबलने जोडा. सगळ्यात आधी आत जे आहे ते 'रीड' करून फाइल सेव्ह करा. ही पायरी कधीही टाळू नका. मग पत्ते भरा आणि बॉड रेट, म्हणजे संदेश पाठवण्याचा वेग, ट्रान्समीटरशी जुळवा (५१२, १२०० किंवा २४००). फ्रिक्वेन्सी लायसन्सप्रमाणे ठरलेली असते, तिला हात लावू नका.

टोन ठरवणं हे खरं डोक्याचं काम. प्रत्येक पत्त्याला ए, बी, सी, डी अशी चार फंक्शन असतात आणि बऱ्याच पेजरमध्ये प्रत्येक फंक्शनला वेगळा टोन देता येतो. ए म्हणजे मशिन ब्रेकडाउन, बी म्हणजे लाईट गेली, सी म्हणजे सवडीने फोन करा, अशी वाटणी करता येईल. आणीबाणीच्या पत्त्याला मात्र असा टोन द्या जो दुसऱ्या कशालाच नाही. तो लांब, न थांबणारा हवा, आणि पेजर सायलेंटवर असला तरी वाजला पाहिजे. काही सॉफ्टवेअर हीच फंक्शन ० ते ३ दाखवतात, काही १ ते ४. संदेश पाठवणाऱ्या एन्कोडरवर कोणती पद्धत आहे ते बघून घ्या, नाहीतर ब्रेकडाउनला 'सवडीने'चा टोन वाजेल.

प्रेस शॉपमध्ये निव्वळ टोनवर भिस्त ठेवू नका. कानात इअरप्लग असतात, आणि वर्षानुवर्षं गोंगाटात राबलेल्या माणसाची श्रवणशक्ती आधी ४००० हर्ट्झच्या आसपास उतरते. बारीक, किरटा बीप त्याला ऐकूच येत नाही. या माणसांना व्हायब्रेशन आणि टोन दोन्ही लावा, आणि पेजर बॅगेत न ठेवता कमरेला लावायला सांगा. संदेश वाचेपर्यंत दर दोन मिनिटांनी आठवण देणारा बीप असेल तर तोही चालू ठेवा.

एक सांगायचं राहिलं. साध्या पॉक्सॅगमध्ये अक्षरं ७ बिटांची असतात, त्यामुळे देवनागरी जात नाही. मजकूर रोमनमध्ये आणि छोटा ठेवा. मशिनचा नंबर आधी, तक्रार नंतर.

'राइट' केल्यावर टेबलावरच तपासून समाधान मानू नका. मशिनं चालू असताना माणसाला पेजर लावून प्रेस शॉपच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत, तळघरात उभं करा आणि प्रत्येक पत्त्यावर प्रत्येक फंक्शन पाठवून बघा. असा पेजर फक्त ऐकतो, उलट उत्तर देत नाही. संदेश पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही, म्हणून आणीबाणीचा पेज मिळालेल्या प्रत्येकाने इंटरकॉमवरून कळवायचं, असा नियमच करा. आणि माणूस काम सोडून गेला किंवा पेजर हरवला, तर त्याचा कॅपकोड त्याच दिवशी एन्कोडरच्या यादीतून काढा आणि वहीत तारीख टाका.