डोंगरउतारावरचं पाणी अडवताना या चुका टाळा

सगळे उतार सारखेच समजणं. पाणी वाहून जाण्याची कारणं दोन आहेत आणि बरीचशी कामं फसतात ती दोन्हींवर एकच इलाज केल्याने. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या उघड्या माळावर थेंबांच्या माऱ्याने मातीवर पापडी धरते. पाऊस मुरण्यापेक्षा वेगाने पडतो, म्हणून वरून लोट वाहतात आणि खाली माती कोरडीच राहते. घाटमाथ्यावर जुलैत उलटी गत असते. माती आधीच तुडुंब, खाली कातळ, पायथ्याशी आणि घळींत उपळ (जमिनीतून वर येणारे पाझर) फुटलेले. तिथे साधी रिमझिमसुद्धा पडेल तेवढी वाहून जाते.

ओळखायला यंत्र लागत नाही. जोराची सर ओसरली की फावड्याने वीतभर खड्डा घ्या. तळाची माती कोरडी असेल तर दोष पापडीचा. तिथे चराईबंदी, गवत, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि उताराला आडवी पेरणी कामाला येते. खड्ड्यात बाजूने पाणी पाझरत असेल तर जमिनीत जागाच उरलेली नाही. अशा ठिकाणी आणखी पाणी मुरवायचा हट्ट नको. ते गवताच्या पाटाने सुरक्षित ओढ्यापर्यंत न्यायचं.

चरांचं गणित न करणं. 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब खड्डा) दर 10 मीटरवर काढला, तर हेक्टरी साधारण 1,000 मीटर चर होतो. त्यात 180 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे एका वेळी वाहून येणारं 18 मिमी पाणी. (हेक्टरावर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर.) माळावरच्या एखाद्या सरीला ते पुरतं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस झाला. एवढ्यासाठी सांडवा (जादा पाणी बाहेर काढणारी वाट) हवाच, नाहीतर चराचा भराव फुटतो आणि त्याखालचे चरही एकेक करून फुटत जातात.

नजरेने समतल रेषा आखणं. पाणी चराच्या एकाच टोकाला साचतंय? रेषा चुकली. असा चर पाणी अडवत नाही, उलट गोळा करून एका जागी सोडतो आणि तिथे नवी घळ पडते. ए-फ्रेमने (पातळी बघायची, ओळंबा टांगलेली A आकाराची चौकट) पुन्हा रेषा तपासा, चरात मध्ये मध्ये आडवे बांध घाला. आणि काम माथ्यापासूनच सुरू करा. पायथ्याचा बंधारा आधी बांधण्याची घाई फोटोपुरती ठीक, पण पहिल्याच पावसाळ्यात तो गाळाने भरतो.

तीव्र, जाड मातीच्या उतारावर चर खणणं. पाणी मुरलं की माती जड होते, तिची पकड सुटते. वस्तीच्या वर हे करूच नका. उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, नेहमी नितळ असणारा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, तर चर दुरुस्त करायला वर जाऊ नका. आधी घरं रिकामी करा, मग तहसील कार्यालयाला कळवा.