सिकलसेलचं दुखणं उठलं की दवाखान्यात काय न्यायचं, काय सांगायचं

माझ्या लहान भावाला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार. तो एसएस आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सिकलचा जीन आलेला. आम्ही गडचिरोलीकडचे, गोंड. एकदा रात्री दुखणं उठलं तर दवाखान्यात तो तळमळतोय आणि ड्युटीवरचे म्हणतात एवढं काय ओरडतो, अंगावर तर काहीच नाही. दोन तास इंजेक्शन नाही. मराठी नीट न येणाऱ्या माडिया बाईचं काय होत असेल मग? म्हणून लिहितोय.

आधी फाईल बनवा, आजच. तीत एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) रिपोर्ट ठेवा, कारण सोल्युबिलिटी टेस्ट (सिकल आहे की नाही एवढंच सांगणारी प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह एवढ्यावरून एएस (एकाच पालकाकडून जीन आलेला, म्हणजे वाहक) की एसएस ते कळत नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: सिकलसेल एसएस, ब्लड ग्रुप, चालू गोळ्या, मागच्या वेळी कशाने आराम पडला, आणि बरा असताना हिमोग्लोबिन किती असतं. हे शेवटचं फार कामाचं आहे. भावाचं नेहमीच ८ च्या आसपास असतं, नवीन डॉक्टरला ते माहीत नसेल तर घाबरून रक्त चढवायची घाई होते नाहीतर लोहाच्या गोळ्या लिहिल्या जातात, आणि वारंवार रक्त चढलेल्या पेशंटच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं. म्हणून लोह तपासल्याशिवाय घेऊ नका, फॉलिक ॲसिड वेगळं, ते चालू ठेवा.

दुखायला लागलं की भरपूर पाणी, गरम कपड्याने शेक, डॉक्टरांनी दिलेली गोळी. बर्फ अजिबात नको, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं.

पण ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून दम लागला, एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, किंवा लहान पोर अचानक पांढरंफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगलं तर शेकत बसू नका, १०८ ला फोन लावा.

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "पोट दुखतंय" नाही, "सिकलसेल एसएसचा पेशंट आहे, क्रायसिस आहे" हे. क्रायसिस म्हणजे सिकलसेलचं हे दुखणं उठणं. दुखणं दहापैकी किती ते पेशंटलाच विचारायला लावा. आल्यापासून एका तासात वेदनेचं औषध मिळालं पाहिजे, हे मोठमोठ्या गाइडलाइनमध्येच आहे, तेव्हा सिस्टरना, डॉक्टरांना शांतपणे पण पुन्हा पुन्हा विचारा, लाजू नका. भाषेची अडचण असेल तर आशाताईंना सोबत न्या.

सुट्टी होताना हायड्रॉक्सियुरिया या गोळीचं विचारा, नियमित घेतली तर क्रायसिस कमी होतात, पण मधून मधून रक्त तपासावं लागतं आणि लग्न झालेल्या बाईने मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आणि भावंडांची तपासणी करून घ्या. मलेरियाच्या पट्ट्यात एएस असणाऱ्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं, म्हणून हा जीन आपल्याकडे टिकला, यात कुणाच्या जातीचा, कुणाच्या आईचा दोष नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, तर लग्न ठरवायच्या आधीच रिपोर्ट बघा, पत्रिका नंतर.