ड्यूकला प्रेमात पाडायचंय? आधी त्याच्या घरचा हिशोब मांडा

रीजन्सी रोमान्स, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडातल्या उमराव घराण्यांतली प्रेमकथा, लिहायला घेतला की बहुतेक जण सुरुवात बॉलपासून, म्हणजे नाचाच्या समारंभापासून करतात, झुंबरं, ग्लोव्ह्ज, कोपऱ्यात उभा तुसडा ड्यूक (सगळ्यात वरच्या दर्जाचा उमराव) वगैरे. करा की, मलाही आवडतं. पण अशी कादंबरी अर्ध्यात येऊन रखडते कारण कर्तव्य म्हणजे नक्की काय हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. आई नको म्हणते, बस. मग वाचक म्हणतो, अरे मग कर ना लग्न, अडलंय कुठे!

तर आधी त्यांना नीट अडवा, आणि कायद्याने आणि पैशाने अडवा.

काळ १८११ ते १८२०, इंग्लंड. हिरो थोरला मुलगा असेल तर "मी ड्यूकपद सोडतो पण तुला नाही" हा सीन आत्ताच काढून टाका, कारण वारशाने आलेलं असं पद सोडायची सोय कायद्यात आली थेट १९६३ मध्ये. उलट बापालाही ते पद काढून घेता येत नाही आणि एन्टेल केलेली, म्हणजे कायद्याने वारसालाच बांधून ठेवलेली, जमीन थोरल्यालाच जाते, म्हणजे "तुला बेदखल करीन" ही धमकी थोरल्याला दिली तर पोकळच. मग बाप पकडतो कुठे? अलाउन्समध्ये, म्हणजे पोराला मिळणाऱ्या खर्चाच्या रकमेत. बाप जिवंत असेपर्यंत पोराच्या हातात स्वतःचं फारसं काही नसतं, आणि तो २१ चा झाला की बाप त्याच्याकडून इस्टेटीच्या नव्या कागदांवर सही मागतो, बदल्यात वर्षाची ठरावीक रक्कम. त्या सहीवरून लायब्ररीत होणारं भांडण लिहा, दहा बॉलरूम त्याच्यापुढे फिके आहेत. धाकटा मुलगा असेल तर गणितच वेगळं, त्याला सैन्य नाहीतर चर्च, नाहीतर पैसेवाली बायको.

हिरॉइनचंही तेच. तिचा हुंडा आकड्यात लिहून ठेवा (कादंबरीत नाही आला तरी चालेल, तुमच्या वहीत पाहिजे). २०,००० पौंड तीन टक्क्यांच्या कॉन्सोल्समध्ये (सरकारी कर्जरोख्यांत) ठेवले तर वर्षाला ६०० पौंड. हिरोच्या घरावरच्या कर्जाचं व्याज त्याहून जास्त असेल तर ती त्याला परवडत नाही, आणि हे दोघांनाही माहीत असतं. लग्न झालं की बायकोचा रोख पैसा नवऱ्याचा होतो, म्हणून तर वकील लग्नाआधीच सेटलमेंट, म्हणजे पैशाचा लेखी करार करतात, तिचा वरखर्च किती, ती विधवा झाली तर वर्षाला किती, सगळं. काय रोमँटिक!

पळून जायचंय? १७५३ च्या कायद्यानुसार २१ च्या आत चर्चच्या लायसन्सवर (परवान्यावर) लग्न करायचं तर बापाची संमती लागते, आणि दुसरा मार्ग बॅन्स, म्हणजे तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचं जाहीर वाचन, तिथे बाप उठून हरकत घेऊ शकतो. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता म्हणून सगळे सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावाला पळतात, पण लंडनहून ते ३०० मैलांच्या वर आहे, घोडे बदलत, धक्के खात, मागे भाऊ लागलेला. एवढ्या प्रवासात एकमेकांचा खरा स्वभाव कळतो, तो वापरा.

अजून एक, हिरोचा आधीच दुसरीशी साखरपुडा झालेला असेल तर त्याला तो मोडता येत नाही, म्हणजे मोडला तर वचनभंगाचा दावा लागू शकतो आणि समाजात अब्रू जाते ती वेगळीच. मोडायचं तर तिने मोडायचं. म्हणून त्या दुसरीला प्लीज खाष्ट करू नका, तिच्याकडे मोडायला स्वतःचं कारण द्या, बऱ्याचदा पुस्तकातलं सगळ्यात धाडसाचं काम तीच करते.

कोर्टशिपचे नियम तसे पटकन आटपतात: एका रात्रीत एकाच माणसाबरोबर दोनपेक्षा जास्त डान्स म्हणजे कुजबुज, साखरपुड्याआधी पत्रं नाहीत, आल्मॅक्समध्ये (लंडनमधल्या उच्चभ्रूंच्या नाचघरात) जायचं तर आधी ते चालवणाऱ्या लेडीजकडून व्हाउचर, म्हणजे प्रवेशाची परवानगी.

कर्तव्याची किंमत कशी दिसते ते बघायला तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे युवराजच पुरे (रीजन्सीतला रीजंट तोच). १७८५ मध्ये त्याने मारिया फिट्झहर्बर्टशी गुपचूप लग्न केलं, पण १७७२ च्या कायद्याप्रमाणे राजाची परवानगी नव्हती म्हणून ते लग्नच धरलं गेलं नाही. नंतर कर्ज डोक्यावरून गेलं तेव्हा ते फिटावं म्हणून १७९५ मध्ये राजकन्या कॅरोलाइनशी लग्न, आणि ते पार फसलं.

शेवटाला दूरच्या काकाचं मृत्युपत्र आणून सगळं फेडू नका. प्रेम निवडलं तर घरातलं कोणीतरी त्याचे पैसे भरतंय हे दिसू दे, धाकट्या बहिणीचा लंडनचा सीझन (स्थळं बघायचे समारंभांचे महिने) रद्द होतो, ती भावाशी बोलत नाही, आणि तिचं चुकलेलंही नसतं. हॅपी एंडिंग ठेवा, वाचक त्यासाठीच आलाय, फक्त ती बहीण लग्नाच्या ब्रेकफास्टला आली की नाही ते ठरवा.

आणि हो, छापायच्या आधी हाका, म्हणजे कोणाला काय म्हणायचं ते तपासा (अर्ल, व्हायकाउंट हे ड्यूकच्या खालचे किताब). ड्यूक "युअर ग्रेस", अर्ल "माय लॉर्ड", अर्लची मुलगी लेडी, व्हायकाउंटची मात्र मिस. इथे चुकलात की वाचक बाकी काही बघत नाहीत.