कुत्रं-मांजर पाळलंय? मग आधी अंगणातली झाडं बघून घ्या

आमच्या साताऱ्यातल्या गोडोलीत निम्म्या बंगल्यांच्या कंपाऊंडला कण्हेर आहे, पाणी कमी लागतं, पूजेला फुलं मिळतात, हायवेच्या डिव्हायडरवर पण तीच, कारण गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण दात शिवशिवणारं पिल्लू काहीही चावतं. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी, उलट्या होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वाळलेली पानंपण तशीच विषारी, म्हणून छाटणी केली की फांद्या त्याच दिवशी उचला. बिट्टीचंही तेच, तिच्या बिया तर लांबच ठेवा.

सायकस, म्हणजे ते पामसारखं दिसणारं झाड, गेटजवळ शोभेला लावतात ना, त्याच्या लाल-केशरी बिया कुत्री आवडीनं चघळतात आणि लिव्हर जातं. कुत्रं असेल तर सायकस आणूच नका, असं माझं स्पष्ट मत.

मांजरवाल्यांनी लिली नीट ओळखा. बुकेत येते ती मोठ्या पाकळ्यांची एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली, तिचे नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजरानं अंग चाटलं तरी किडन्या निकामी होऊ शकतात, फ्लॉवरपॉटमधलं पाणीपण नको. मंडईत पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात ती लिली वेगळी, पण तीही खाऊ देऊ नका.

डिफेनबेकिया (कुंडीतलं ते पांढरट ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं झाड), मनी प्लांट यांनी जीव सहसा जात नाही पण हाल होतात. कच्च्या अळूनं घसा खाजतो तोच प्रकार, तसेच सुईसारखे स्फटिक असतात. आमच्या मोत्यानं डिफेनबेकियाचं पान चावलं तेव्हा तोंड सुजलं, लाळ थांबेना, बिचारा पंजानं तोंड घासत बसला होता, बघवत नव्हतं. आता ती कुंडी गच्चीवर आहे.

खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानं वेगळीच विषबाधा होते. माणसाची गोळी देऊ नका, मांजराला पॅरासिटामॉल तर जीवघेणी. तोंडातले तुकडे काढा, अंगावर पराग असतील तर ओल्या फडक्यानं पुसा, झाडाची फांदी पिशवीत घ्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करून निघा. लिली, सायकस, कण्हेर असेल तर लक्षणं दिसायची वाट बघायची नाही, मांजर खेळत असलं तरी निघायचं. शिरवळला व्हेटर्नरी कॉलेज आहे पण साताऱ्याहून तासभर जातो, म्हणून जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच सेव्ह करा, रात्री कोण येतं तेही विचारून ठेवा.

नवीन लावायचं असेल तर जास्वंद, मोगरा, अरेका पाम बिनधास्त लावा. गुलाबपण चालतो, फक्त काटे सांभाळा.